धबधबा आटल्यावर जा

नमस्कार मंडळी! स्वेटर घालून ऐकताय ना? आज धबधब्यांबद्दल बोलणारे, आणि हो, जानेवारी चालूय हे मला माहितीये. आमच्या सोसायटीतल्या काकू पण परवा म्हणाल्या, "अरे आत्ता तिथे काय, टँकर मागवणारेस का?"

तर जुलैत पुणे जिल्ह्यातल्या मढे घाटात जायचं म्हणजे गाड्यांची ही रांग, आणि वर पोचलात तर सगळं धुकं, धबधबा नुसता ऐकायचा. मागच्या रविवारी गेलो, नसरापूर, वेल्हे, पासली, केळद, रस्त्यावर आम्ही आणि चार म्हशी. पाणी म्हणाल तर करंगळीएवढी धार, तीपण खाली जाईपर्यंत वाऱ्यावर उडून जाते. पण कडा दिसतो हो! सह्याद्रीचा हा काळा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर, आणि काही ठिकाणी दोन थरांच्या मधे तांबड्या मातीची पट्टी असते, ती मऊ, पाणी आधी तिलाच खातं, मग वरचा दगड अधांतरी लटकतो आणि कधीतरी कोसळतो. धबधबा असा मागे मागे सरकत जातो, पावसाळ्यात हे कोण बघणार, सगळे सेल्फीत.

ओढ्याच्या कोरड्या पात्रात एक रांजणखळगा होता, घागरीएवढा. हात घातला तर तळाशी गार पाणी आणि चार गुळगुळीत गोटे, म्हणजे ज्यांनी गरगर फिरून तो खड्डा कोरला तेच आत बसलेले! मोठे खळगे बघायचे तर निघोजला जा, कुकडी नदीत, आत्ताच जा.

तानाजींचं पार्थिव याच घाटाने कोकणात उमरठ्याला नेलं असं सांगतात. ती वाट थोडी उतरलो आणि घसाऱ्यावरून मी सरळ बसून खाली, नवे बूट, दुकानदार म्हणाला होता ग्रिप एक नंबर. असो. कड्याला आग्यामोहोळं असतात, खाली शेकोटी, सिगरेट, अत्तर काही नको. आणि सहानंतर लगेच अंधारायला लागतं, चारला परत फिरा.

पाणीच हवं असेल तर भिऱ्याचं देवकुंड, हिवाळ्यात पाणी निळंशार असतं, पण डोहात उतरू नका, खोल आहे.

मोजे मात्र जुने घाला. माझ्या मोज्यांतली कुसळं बुधवारपर्यंत निघत होती, शेवटचं ऑफिसच्या मीटिंगमधे टोचलं.