शेवटची पंधरा पावले

नमस्कार, श्रोतेहो. साताऱ्याच्या एका शाळेत मी तीस वर्षे भूगोल शिकवला आणि त्या काळात अक्षांश-रेखांशांचे जाळे फळ्यावर किती वेळा काढले, याची गणती नाही. त्या काल्पनिक रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे आपण स्वतः चालत जाऊ आणि कुणीतरी ठेवलेली एक डबी आपल्या हाती लागेल, असे मात्र कधी मनात आले नव्हते. गेल्या उन्हाळ्यात मी मुलीकडे, अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात पोर्टलंड शहराजवळ राहायला गेले, तेव्हा माझ्या नऊ वर्षांच्या नातीने हा योग जुळवून आणला. या छंदाला जिओकॅशिंग म्हणतात. एकाने डबी लपवायची, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि इतरांनी ती शोधून आतल्या कागदावर नाव लिहून पुन्हा होती तशी ठेवायची, एवढाच हा खेळ आहे.

मुलीच्या घरापासून मोटारीने तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा ठिकाणी या खेळाचा जन्म झाला, हे कळल्यावर माझे कुतूहल दुणावले. अमेरिकेचे लष्कर आपल्या जीपीएस उपग्रहांच्या नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्रात शंभर मीटरपर्यंतचा फरक पडे. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने मे २००० च्या आरंभी ही चूक मिसळणे बंद झाले. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थांनी बीव्हरक्रीक गावाजवळच्या झाडीत एक काळी बादली ठेवली, तिचे निर्देशांक, म्हणजे अक्षांश-रेखांश, इंटरनेटवर दिले आणि सुधारलेल्या यंत्रांची परीक्षा घ्या, असे लोकांना सुचवले. बादलीत पुस्तके, काही रोख पैसे, एक गलोल आणि चक्क घेवड्याच्या दाण्यांचा डबा होता. थोड्याच दिवसांत ती सापडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी या खेळाचे संकेतस्थळ सुरू केले. तेव्हा जगात अशा पाऊणशे जागांची नोंद होती. आज ती संख्या तीस लाखांवर गेली आहे, आणि आपल्या पुण्या-मुंबईकडेही अशा डब्या आहेत.

त्या वेळी यासाठी वेगळे यंत्र विकत घ्यावे लागे. आता खिशातला मोबाइल पुरतो. या खेळाचे ॲप उतरवून घ्यायचे, खाते उघडायचे, की नकाशावर आसपासच्या डब्यांच्या खुणा दिसू लागतात. शोधायला किती अवघड आणि वाट किती बिकट, यासाठी १ ते ५ असे दोन स्वतंत्र दर्जे दिलेले असतात. पहिल्या खेपेला दोन्ही दर्जे दोनच्या आतले असावेत आणि डबी मध्यम आकाराची असावी, एवढे पथ्य मी आवर्जून सांगेन, कारण काही डब्या बोटाच्या पेराएवढ्या असतात आणि त्या नवख्या माणसाला नाउमेद करतात. निघण्यापूर्वी नकाशा मोबाइलमध्ये साठवून ठेवावा, कारण रानात नेटवर्क असेलच असे नाही.

आम्ही निवडलेली डबी एका वनउद्यानात होती. तिच्या निर्देशांकात अंश, मिनिटे आणि मिनिटाचे दशांश तीन स्थळांपर्यंत दिलेले होते, आणि ते पाहताच माझ्यातली शिक्षिका जागी झाली. अक्षांशाचे एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, साधारण १,८५० मीटर भरतो. म्हणजे शेवटचा अंक एकाने बदलला तर आपण दोन मीटरसुद्धा सरकत नाही. पोर्टलंडजवळ आपण विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या जवळजवळ मधोमध असतो, रेखावृत्ते एकमेकींकडे झुकलेली असतात, म्हणून पूर्व-पश्चिम दिशेने तोच अंक सव्वा मीटरच्या आसपास भरतो. हे सगळे मी नातीला चालता चालता सांगितले आणि तिने ते पावलांनी मोजून पाहिले. तीस वर्षांत एकाही वर्गाला मी हे असे शिकवू शकले नाही, याची मला मनापासून खंत वाटली.

सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून निघालेला उपग्रहाचा संदेश सेकंदाच्या पंधराव्या भागात आपल्या हातातल्या मोबाइलपर्यंत पोहोचतो, आणि किमान चार उपग्रहांच्या संदेशांना लागलेल्या वेळेवरून मोबाइल आपले स्थान काढतो. मोकळ्या आकाशाखाली त्यात पाचेक मीटरची चूक राहते. दाट झाडीत ती वाढते. पडद्यावर अंतर चाळीस, पंचवीस, बारा मीटर असे उतरत गेले आणि मग एकाएकी ते पुन्हा एकोणीस झाले. बाणही उलटा फिरला. नात गोंधळली. आम्ही मिनिटभर स्तब्ध उभ्या राहिलो, होकायंत्र स्थिर व्हावे म्हणून मोबाइल हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवला, थोडे मागे जाऊन दुसऱ्या बाजूने आलो. दोन्ही वाटांनी बाण ज्या भागाकडे बोट दाखवत होता, तो जेमतेम पंधरा पावलांचा होता. तिथे मी मोबाइल पिशवीत ठेवायला लावला. या खेळाचा खरा आनंद मला तिथून पुढे मिळाला.

कारण आता आम्हाला बघावे लागले. डग्लस फरची उंचच उंच सूचिपर्णी झाडे, त्यांच्या पायथ्याशी नेचे, आणि दगडापासून बुंध्यापर्यंत सर्वत्र ओले, मऊ शेवाळ. आपण लपवणारे असतो तर कुठे लपवले असते, असा विचार करा, असे मी नातीला म्हटले. ती एका कुजलेल्या खोडाशी जाऊन बसली आणि बराच वेळ नुसती पाहत राहिली. खोडाच्या बुडाशी सालीचे तीन तुकडे शेजारी शेजारी, एकाच दिशेने तिरके टेकवलेले होते. “आजी, साल अशी आपोआप पडत नाही,” ती म्हणाली. निसर्गाच्या पसाऱ्यात माणसाच्या हाताची शिस्त तिला दिसली होती. हात घालण्याआधी आम्ही काठीने चाचपून पाहिले. आपल्याकडे तर विंचू-सापांच्या भीतीने हे केलेच पाहिजे.

आत चटणीच्या डब्याएवढा, झाकणाला कड्या असलेला प्लास्टिकचा डबा निघाला. त्यात पेन्सिलीचा तुकडा, नोंदीचा कागद, गोट्या आणि एक हिरवा डायनासोर होता. आतले काही घेतले तर तेवढ्याच मोलाचे काही ठेवावे, असा रिवाज आहे. नातीने डायनासोर घेतला आणि मी तिच्यासाठी नेलेल्या सावंतवाडीच्या रंगीत लाकडी भोवऱ्यांपैकी एक आत ठेवला. खाण्याचे पदार्थ आता ठेवू देत नाहीत, कारण वासाने जनावरे डबा फोडतात. डबा जमिनीत पुरायलाही बंदी आहे. आपल्याकडे डबी लपवणाऱ्यांनी मात्र आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. बेवारस वस्तूला हात लावू नका, हे आपण रोज ऐकतो आणि ते योग्यच आहे. म्हणून स्थानके, शाळा आणि गर्दीच्या जागा टाळाव्यात, डब्यावर तो कशाचा आहे हे स्पष्ट लिहावे, जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी. किल्ल्यांच्या तटबंदीतला एकही दगड या छंदापायी हलता कामा नये.

कागदावर नातीने आपले नाव इंग्रजीत लिहिले, मी त्याखाली देवनागरीत लिहिले आणि तारीख घातली. मग तिने डबा जागेवर सरकवला, सालीचे तुकडे लावले, दोन पावले मागे जाऊन पाहिले आणि परत येऊन मधला तुकडा थोडा वाकडा केला.