काकीची वही

(दृश्य: पहाटेची चाळ. गॅलरीतला पिवळा दिवा. पत्र्याच्या पिंपात पाणी पडल्याचा आवाज.)

पहाटेचे चार. लालबागमध्ये नळाला पाणी आलंय.

माझं लहानपण या आवाजानं सुरू झालं. आमच्या भिंतीला लागूनच काकीची खोली. तिच्या रिकाम्या पिंपात पहिली धार पडली की पत्रा वाजायचा आणि मी कूस बदलायचे. हे चित्रण तीन वर्षांपूर्वीचं. कापड गिरण्यांतल्या कामगारांसाठी चालवलेली तिची खाणावळ बंद होऊन तेव्हा कैक वर्षं झाली होती, तरी काकी चारलाच उठायची. आम्ही कॅमेरा घेऊन आलो, तेव्हा तिची आंघोळ आटपून दिवाही लावून झाला होता.

गेल्या श्रावणात काकी गेली.

(दृश्य: परातीतलं तांदळाचं पीठ, काकीचे हात.)

हे हात बघा. तांदळाची उकड अजून वाफाळतेय, हात लावला तर चटका बसेल. काकी तळव्याला पाणी लावते आणि मळायला घेते. थापताना बोटं मधे फिरतात, अंगठा मात्र कडेकडेनं जातो, कड फाटू नये म्हणून. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. पाणी आटत आलं की उलटी. मग तवा उतरवून निखाऱ्यावर, म्हणजे आता गॅसवर. टम्म फुगते. मी मोजलं, एका भाकरीला दीड मिनिट. गिरण्या चालू होत्या तेव्हा अशा सत्तर-ऐंशी भाकऱ्या दिवसाला. बावीस माणसं जेवायला होती.

काकीचं माहेर आणि सासर दोन्ही कणकवलीकडचं. १९५८ साली लग्न करून आगबोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरली, तेव्हा वय सतरा. नवरा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात. १९६९ मध्ये तो छातीच्या आजारानं गेला. मागे दोन पोरं आणि ही दहा बाय बाराची खोली. एके काळी गिरण्यांमध्ये बायकांना बरंच काम असायचं, पण काकीच्या वेळेपर्यंत एकेक खात्यातून त्यांना कमी करत आणलं होतं. तिला काम मिळालं नाही. मग नवऱ्याचे तीन दोस्त म्हणाले, वहिनी, आम्ही बाहेर जेवतोच, ते तुमच्याकडे जेवू.

गिरणगावात अशा खाणावळी घराघरात होत्या. कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून आलेला गडी बायकापोरं गावी ठेवून यायचा. एकेका खोलीत गावचे दहा-पंधरा जण राहायचे, पाळीपाळीनं झोपायचे, एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरायची. तिथे चूल मांडणार कोण आणि कधी?

(दृश्य: भिंतीवरचं जुनं घड्याळ. नंतर बंद गिरणीची चिमणी.)

पहिली पाळी सकाळी सात ते दुपारी साडेतीन. दुसरी साडेतीन ते रात्री बारा. तिसरी बारा ते सकाळी सात. भोंगा वाजला की माणसं बदलायची. खाणावळवालीची पाळी मात्र बदलत नव्हती. काकीच्या तोंडूनच ऐकलेला तिचा दिवस असा. चारला पाणी. पाचला भाकऱ्या. सव्वासहाला पहिल्या पाळीचे जेवून बाहेर. साडेसातला रातपाळीचे यायचे, डोळ्यांत झोप आणि केसांत कापूस. अकराला डबे गिरणीच्या गेटवर. डबे न्यायचं काम आम्हा पोरांचं. अडीचला दुसरी पाळी जेवून जाणार, चारला पहिली परत. आठला पुन्हा डबे. अकराला रातपाळीचे जेवणार आणि साडेबाराला दुसऱ्या पाळीचे, शेवटची पंगत. एकला भांडी. मग तीन तास झोप.

तीन तास. गिरणगावचा इतिहास लिहिताना हे तीन तास मोजायला हवेत, असं मला मनापासून वाटतं. सूत कातायच्या चात्या किती, साचे किती, गाठी किती, सगळ्याची नोंद सापडते. ते साचे चालवणाऱ्यांच्या पोटात काय होतं आणि ते कुणी रांधलं, याची नोंद फक्त अशा वह्यांत आहे.

(दृश्य: लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही. पानं उलटताना.)

काकीला लिहिता-वाचता येत नव्हतं. आधी ती भिंतीवर कोळशानं रेघा ओढायची. जेवला की उभी रेघ, खाडा झाला की टिंब. चाळीला रंग दिला आणि हिशोब पुसला गेला. मी तिसरीत होते. दुसऱ्या दिवशी तिनं ही वही आणली आणि मला हाक मारली, "गो, ये. लिही."

सहावीपर्यंत रोज संध्याकाळी मी तिचा हिशोब लिहिला. मी गणितात पुढे गेले, पुढे बँकेत लागले, त्याचं मूळ या पानांत आहे. शाळेत मजुराचं आणि टाकीच्या नळाचं गणित असायचं. इथे तीस दिवसांतले चार खाडे वजा, रविवारचं मटण वेगळं, पाहुण्याचं एक ताट वाढीव. कायम कामगाराला महिन्याचा एकच दर. बदलीवाल्याला, म्हणजे कुणी गैरहजर असेल तेव्हाच काम मिळणाऱ्याला, मात्र काम लागलेल्या दिवसांचेच पैसे. काम मिळालं नाही त्या दिवशीही तो जेवायचा, पण वहीत खाडा. मी एकदा विचारलं, काकी, हा तर काल जेवला होता. ती म्हणाली, "ता तुका लिहूक सांगलंय?"

(दृश्य: जुना कृष्णधवल फोटो. नऊवारी-पाचवारीतल्या बायका ओळीने बसलेल्या.)

हा फोटो १९७८ चा. मागच्या रांगेत उजवीकडून दुसरी, पदर दातात धरलेली, ती काकी.

खाणावळवाली वाण्याकडून महिनाभर उधारीवर माल उचलायची. पगार झाला की गडी पैसे देणार, मग ती वाण्याला देणार. मधे कुणी आजारी पडलं, गावी गेलं की सावकार आणि त्याचं व्याज. हे चक्र तोडायला १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. प्रेमाताई गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या, डाव्या कामगार चळवळीत वाढलेल्या. सुरुवात चौदा खाणावळवाल्यांपासून. राष्ट्रीयीकृत बँकेनं या बायकांना त्यांच्या नावानं कर्ज दिलं. तारण काही नाही, एकमेकींची हमी. काकी दोन वर्षांनी त्यात आली. बँकेत अंगठा उठवताना हात थरथरला होता, हे ती कॅमेऱ्यासमोर हसत सांगते. पण लगेच पुढचं वाक्य, की हप्ता एकदाही चुकवला नाही.

आणि त्या पैशातून तिनं पहिलं काय केलं? खालच्या मजल्यावरची एक बाई नवरा गेल्यानं उघड्यावर पडली होती. काकीनं तिला दोन पातेली, एक स्टो आणि आपल्याकडची सहा माणसं दिली. गिऱ्हाईक म्हणून नेऊन बसवली. "हिच्या हाताक माझ्यापेक्षा चव आसा," असं सांगून. त्यातल्या दोघांनी कुरकूर केली, तर त्यांना महिनाभर दर शुक्रवारी आपल्याकडचं माशाचं कालवण पाठवलं.

(दृश्य: लालबागची मिरची गल्ली. डंखावर, म्हणजे कुटायच्या यंत्रावर, मसाला कुटताना. लाल धूळ.)

मे महिन्यात काकीबरोबर या गल्लीत यायला आम्ही मुली भांडायचो. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. धणे, बडीशेप, खसखस, दगडफूल, नागकेशर, जायपत्री. प्रत्येक जिन्नस चिमटीत धरून बघायची. मिरचीचं देठ मोडून वास घ्यायला तिनं मला शिकवलं. आवाज खट्कन आला तर ऊन नीट लागलंय. हे चित्रण केलं तेव्हा तिला जिना उतरवत नव्हता, म्हणून गल्लीत मी एकटीच दिसते. परत आल्यावर तिनं डबा उघडला, नाकाशी नेला आणि म्हणाली, धणे जास्त झाले. झालेच होते.

(दृश्य: पुन्हा वही. कॅमेरा एका पानावर थांबतो.)

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. इथून पुढच्या पानांवर 'जमा'चा रकाना कोरा आहे. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. बावीस नावं, बावीस ताटं. एप्रिलमध्ये काकीच्या पाटल्या गेल्या. मे महिन्यात मटण बंद, मग मासे बंद, मग नुसतं सुकट आणि पेज. पावसाच्या तोंडावर एकेक जण गावी गेला. जाताना प्रत्येक जण वहीला हात लावून सांगून गेला, काकी, संप मिटला की देतो.

संप मिटल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. बेरीज मी केलीय. अकरा हजार सहाशे चाळीस रुपये.

पुढे काकीनं ऑफिसवाल्यांचे डबे केले, पोरांना शिकवलं, मुलीचं लग्न केलं.

(दृश्य: टॉवरच्या काचेत दिसणारी चिमणी.)

२०१२ मध्ये म्हाडानं गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली. गावांहून वारस येऊ लागले. आजोबा कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात, हे कुणालाच धड ठाऊक नाही. ते काकीच्या दारात यायचे. ती डोळे मिटून सांगायची, तो रिंगखात्यात, दुसरी पाळी, त्याच्याबरोबर अमक्या गावचा असायचा, त्याच्या घरी विचार. आधी जेवायला वाढायची. घराचा हक्क हजेरीपटावर नाव असलेल्याला आणि त्याच्या वारसाला. खाणावळवालीचं नाव कुठल्याच गिरणीच्या हजेरीपटावर नव्हतं. ते असायला हवं होतं. हे मी काकीला म्हटलं, तेव्हा ती भाजी निवडत होती. निवडत राहिली. ते दृश्य तसंच ठेवलंय.

(दृश्य: काकी खिडकीशी बसलेली. मांडीवर वही.)

हे चित्रणाच्या शेवटच्या दिवसाचं. मी तिला एकेक नाव वाचून दाखवतेय. ती सांगतेय, हा गेला. हा आहे, मुलाकडे असतो. याची बायको चांगली होती. यानं मनीऑर्डर केली होती, चाळीस रुपये, लिहिलं नाहीस काय? मी लिहिलं होतं.

एका पानावर मी अडखळले. अकरा वर्षांच्या माझ्या अक्षरात वजाबाकी चुकलेली. सात रुपये कमी धरलेत. मी तिला म्हटलं, काकी, ही चूक तेव्हा तुझ्या लक्षात आली नव्हती?

तिनं पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे पेन्सिलीचं एक बारीक टिंब आहे. तिचं टिंब.

"आयली होती," ती म्हणाली. "त्याच्या बाजूनं चुकलंलंस. रवांदे म्हटलंय."