गरम झाली की बंद

सकाळी गाडी पहिल्या सेल्फला उठते. दुपारी पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की रस्त्यातच बंद पडते. सेल्फ फिरतो, बॅटरी ठणठणीत, टाकीत पेट्रोल आहे; इंजिन मात्र पकडत नाही. तासभर लिंबाच्या सावलीत उभी ठेवा, काही न करता पुन्हा चालू.

मारेगाव तालुक्यातल्या या गॅरेजात आज अशीच एक गाडी आली आहे. वीसेक वर्षांची, पेट्रोलची. "मिस्त्रीभाऊ, सकाळी बराबर चालते. ऊन झालं का बंदच पडून राहिली," मालक सांगतात.

कापूस-सोयाबीनच्या गावात अशी गाडी एका घराची राहत नाही. बाळंतिणीला वणीला न्यायचं असो की म्हाताऱ्या माणसाला यवतमाळला दाखवायचं असो, शेजारीपाजारी हिच्याच भरवशावर असतात. ती आडरानात थांबली तर गाठ जिवाशी असते. आधी एका ठिकाणी पेट्रोलचा पंप बदलून झाला. दुसरीकडे इसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदलायला सांगितलं. तो मोठा खर्च मालकांनी थांबवला, हे फार बरं झालं.

२०००नंतर प्रदूषणाचे निकष कडक होत गेले. त्यातलं भारत स्टेज दोन १ एप्रिल २००५ला देशभर लागू झालं, आणि नव्या पेट्रोल कारमधून कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, हळूहळू गेला. पेट्रोल कधी फवारायचं, ठिणगी कधी द्यायची, हे इसीएम ठरवू लागला. पण क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनचा मुख्य दांडा, फिरत फिरत कुठवर आला, हे त्याला कोणीतरी कळवावं लागतं. ते काम क्रँक सेन्सरचं.

अनेक गाड्यांत क्रँकसोबत फिरणाऱ्या चाकावर साठ दात्यांची जागा असते, त्यातले दोन मुद्दाम गाळलेले. सेन्सरच्या आत चुंबक, आणि केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. दाता समोरून गेला की विजेची एक लहर उठते. मिनिटाला ३,००० फेऱ्या असतील तर सेकंदाला २,९०० लहरी. गाळलेल्या दात्यांची पोकळी आली की फेरी कुठून मोजायची ते इसीएमला कळतं. लहरी थांबल्या, तर त्याच्या लेखी इंजिनच थांबलं. मग ठिणगी बंद, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर बंद, पंपही बंद.

जुन्या सेन्सरमध्ये ही तार आतून तुटते. थंड असताना तुटलेली टोकं टेकून असतात, तापून फुगली की सुटतात. म्हणूनच थंड गाडी तपासून काही हाती लागत नाही.

मिस्त्री सकाळी सेन्सरचा सॉकेट काढून मीटर लावतात. तारेचा विरोध काही शे ओहम, म्हणजे तार जोडलेली, ठीक आहे. सॉकेट परत लावून गाडी भर उन्हात चालू ठेवतात आणि ती बंद पडायची वाट पाहतात. बंद पडल्याबरोबर पुन्हा मीटर. आता आकडाच येत नाही, म्हणजे तार सुटली. सेन्सरवर ओलं फडकं ठेवलं, थोड्या वेळात आकडा परत आला. या एवढ्या धीरासाठी या माणसाचं मोल आहे.

ही ओहमची तपासणी चुंबक-वेटोळ्याच्या सेन्सरची. काही गाड्यांत हॉल जातीचा, आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला सेन्सर असतो; त्याला असा मीटर लावायचा नाही, तो बिघडू शकतो.

नवा सेन्सर नागपूरहून पार्सलने येतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली जाते. सेन्सर एकाच बोल्टवर असतो, पण वर्षानुवर्षांच्या मळीने आणि फुगलेल्या रबरी रिंगने तो जागीच धरून बसतो. पेचकसाने उचकटला तर अर्धा तुकडा आतच राहील. मिस्त्री गंज सोडवायचं तेल सोडतात, थांबतात, मग हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवत बाहेर काढतात. टोकावर लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला. बसायची जागा फडक्याने पुसून घेतात. नव्या रिंगला तेलाचं बोट. हातोडी नाही. सेन्सर आणि दात्यांमधलं अंतर साधारण एका मिलिमीटरचं, त्यामुळे ते अंतर राखणारी पातळ पत्री खाली असेल तर ती परत तिथेच. वायर सायलेन्सरच्या पाइपापासून दूर बांधतात.

मालक जुना सेन्सर कचऱ्याच्या डब्यात टाकायला जातात. "राहू द्या, दादा," मिस्त्री म्हणतात, "पार्टचा नंबर त्याच्यावरच आहे. गाडीच्या कागदांत ठेवा."