चहाच्या वेळेला चावणारे यंत्र

श्रोतेहो, नमस्कार.

कारखान्यात, कार्यालयात, दुकानात वापरल्या जाणाऱ्या विजेच्या उपकरणांची सुरक्षितता तपासणे हे माझे काम आहे. काजूच्या, आंब्याच्या, मासळीच्या उद्योगांतून मी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र, आणि मीटर घेऊन फिरत असतो. काम थोडक्यात सांगता येते. प्रथम उपकरण डोळ्यांनी पाहायचे: वायर सोलली आहे का, प्लग करपला आहे का, तीन पिनांतील जाड आणि लांब पिन जागेवर आहे का. मग त्या जाड पिनपासून उपकरणाच्या लोखंडी अंगापर्यंत अर्थिंगची तार अखंड आहे का, हे मोजायचे. शेवटी मेगरने 500 व्होल्टचा दाब देऊन आतील इन्सुलेशन वीज अडवून धरते की नाही, हे पाहायचे; तिथे विजेला होणाऱ्या रोधाचा आकडा 1 मेगओहमपेक्षा कमी आला, तर ते उपकरण मी वापरातून काढायला सांगतो. त्यानंतर नोंदवही भरायची आणि उपकरणावर स्टिकर लावायचे. या स्टिकरबद्दल माझे मत फारसे बरे नाही, कारण लोक त्यावरचा हिरवा रंग पाहतात, तारीख कोणी वाचत नाही.

पण आज मला एका पल्परची हकिकत सांगायची आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका आंबा प्रक्रिया उद्योगातून मला मे महिन्यात, ऐन हंगामात, बोलावणे आले. आंब्याचा रस काढणारा पल्पर कामगार बायकांच्या हाताला मुंग्या आणतो, अशी तक्रार होती. जमीन सतत ओली असल्याने बायकांनी आपल्यापुरता उपाय केला होता: आंब्याचे प्लास्टिकचे क्रेट उपडे घालून त्यांवर उभे राहून त्या काम करीत होत्या. मालकांनी माझ्यासमोर पल्परला टेस्टर लावून दाखवला. टेस्टर पेटला नाही. "बघा, काही नाही. यांच्या मनात भीती बसली आहे," असे ते म्हणाले.

मी पल्पर बोर्डापासून सोडवून घेतला आणि मेगर लावला. आकडा 50 मेगओहमच्या पुढे गेला. अर्थिंगची तार प्लगपासून अंगापर्यंत अखंड होती, वायर नवी होती, पिनही जागेवर होती. कागदावर उत्तीर्ण करून स्टिकर लावावे, असेच ते उपकरण होते. तेवढ्यात कोयी वेगळ्या करीत बसलेल्या एक वयस्कर मावशी मान वर न करता म्हणाल्या, "सायबानू, ही मशीन दिवसभर गप आसता, चायच्या टायमाकच चावता."

श्रोतेहो, मी चहाच्या वेळेपर्यंत थांबलो. मीटरची एक तार पल्परच्या अंगाला लावली आणि दुसरी गटाराच्या ओल्या लोखंडी जाळीला. काटा शून्यावर होता. भिंतीपलीकडे कार्यालयात कोणीतरी चहाच्या बॉयलरचे बटण दाबले आणि काटा 90 व्होल्टच्या आसपास जाऊन थांबला. मी पल्परचे बटण बंद केले, प्लग मात्र तसाच ठेवला, तरी काटा हलला नाही. बॉयलर बंद करायला सांगितले, तसा तो खाली आला.

आता यामागचे कारण. बॉयलरच्या कॉइलच्या नळीला बारीक चीर गेली होती आणि आतील पांढऱ्या पुडीने ओल धरली होती, त्यामुळे थोडी वीज बॉयलरच्या अंगावर उतरत होती. ती वीज अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायला हवी होती. परंतु सगळ्या अर्थिंगच्या तारा जिला जोडलेल्या असतात, ती पट्टी जमिनीतील अर्थिंगच्या खड्ड्यात जिथे शिरते, नेमक्या तिथेच ती गंजून तुटली होती. वरच्या सिमेंटवरचा रंग मात्र शाबूत होता. जमिनीकडची वाट बंद झाल्यावर ती वीज त्याच पट्टीला जोडलेल्या सगळ्या यंत्रांच्या अंगांवर पसरली. पल्पर निर्दोष होता. त्याच्या धडधाकट अर्थिंगच्या तारेनेच बॉयलरची वीज बायकांच्या हातापर्यंत पोहोचवली होती. पुन्हा सांगतो, दोष बॉयलरमध्ये होता, तुटलेली पट्टी खड्ड्यात होती आणि मुंग्या पल्परवर येत होत्या. म्हणून ज्या अर्थिंगला यंत्र जोडले आहे, ते जमिनीपर्यंत तपासल्याशिवाय यंत्र तपासले, असे मी म्हणत नाही. आणि बॉयलर, पंखा, कार्यालयातील किटली ही "मशीन नव्हेत" म्हणून यादीतून सुटतात, त्यांना मी आता सर्वांत आधी हात घालतो.

बोर्डावर एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, होता, मग तो पडला का नाही, असे मालकांनी विचारले. एमसीबी जास्त भार किंवा शॉर्टसर्किट ओळखतो, अशी थोडी गळती त्याला कळत नाही. गळती ओळखण्यासाठी आरसीसीबी लागतो. माणसाच्या बचावासाठी तो 30 मिलिअँपिअरचा घेतात, आणि हा प्रवाह 60 वॅटचा पिवळा बल्ब जेवढा घेतो, त्याच्या साधारण नवव्या हिश्श्याएवढाच असतो. त्या बोर्डावर आरसीसीबी नव्हताच. तो बसवला, कॉइल बदलली, खड्डा उकरून नवी पट्टी जोडली. आरसीसीबी बसवल्यावर त्यावरचे टेस्टचे बटण अधूनमधून दाबून पाहावे लागते, हेही मी तिथे दोनदा सांगितले आणि इथेही सांगतो.

जाता जाता एक गाऱ्हाणे. खंडेनवमीला यंत्रांची पूजा जरूर करावी, परंतु नारळ मोटारीवर फोडून त्याचे पाणी तिच्या जाळीतून आत सोडू नये आणि झेंडूच्या माळेने हवेची भोके बुजवू नयेत. दसऱ्यानंतर मला येणाऱ्या बोलावण्यांत याचा वाटा मोठा असतो.

आपल्या किनाऱ्यावर वर्षातून एकदा केलेली तपासणी पुरत नाही, असे माझे मत आहे. चैत्र-वैशाखात जांभ्याचा कातळ कोरडा पडतो आणि अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून अर्थिंगचे मोजमाप मे महिन्यात, खड्ड्यात पाणी ओतण्यापूर्वी करावे. आषाढ-श्रावणात खारी, दमट हवा मोटारींच्या आणि कॉइलच्या इन्सुलेशनमध्ये शिरते, म्हणून मेगर तेव्हा लावावा. एप्रिलमध्ये 20 मेगओहम दाखवणारी मोटार जुलैत कितीवर येते, हे दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावरच कळते. यंत्राला हात लावताना मुंग्या आल्या, तर मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवा आणि त्या वेळी आजूबाजूला दुसरे काय चालू होते, ते त्याला आठवून सांगा.

नमस्कार.