मासे येण्याआधीचा महिना

क्रॉफर्ड मार्केटमधून काचेची टाकी घरी येते, आणि तिच्यासोबत पिशवीतले मासेही. घात होतो तो इथेच. वनस्पतींची टाकी मासे घ्यायला तयार व्हायला तीन ते सहा आठवडे लागतात.

ही टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. पाणी बसतं साधारण पन्नास लिटर, आणि सगळं मिळून वजन 75 किलोच्या आसपास. म्हणून टेबल भक्कम हवं आणि काचेखाली थर्माकोल हवाच. तळाला खडा राहिला तर काच तिथूनच तडकते.

सॉइल, म्हणजे रोपांच्या टाकीसाठी मिळणारी दाणेदार माती, पुढे चार सेंटिमीटर, मागे आठ. सॉइल धुवायची नाही, दाणे फुटून चिखल होतो. चौपाटीची वाळू तर अजिबात नको, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. दगड घ्यायचा तर त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. फेस आला, की तो पाण्याचा जडपणा वाढवणार. आपला सह्याद्रीचा काळा दगड सहसा फेसाळत नाही.

सॉइल ओलसर असतानाच चिमट्याने रोपं लावायची. व्हॅलिस्नेरिया मागे, क्रिप्टोकोरीन मध्ये. अनुबियास आणि जावा फर्नचा आडवा कंद मात्र पुरू नका, कुजतो. लाकडाला दोऱ्याने बांधा.

आता पाणी. सॉइलवर स्टीलची ताटली ठेवा आणि धार तिच्यावर सोडा. पाणी ताटलीच्या काठावरून संथ उतरतं, रोपं जागची हलत नाहीत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पाणी यायच्या वेळेला पिंप भरून अँटी-क्लोरीन घाला, मगच ते टाकीत. फिल्टरचा स्पंजही नळाखाली धुवू नका, कारण सगळी मदार तिथल्या जिवाणूंवर आहे.

नवी सॉइल अमोनिया सोडते. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विषारी, तिसरं रोपांचं खत. पहिला आठवडा एक दिवसाआड निम्मं पाणी बदला, पुढे आठवड्यातून दोनदा. दिवा सहाच तास. जास्त ठेवलात तर शेवाळ रोपांच्या आधी वाढेल. काचेवर तपकिरी थर येईल, बोटाने पुसला जातो. क्रिप्टोकोरीनची पानं विरघळतील, पण मूळ उपटू नका, नवी पानं तिथूनच फुटतात.

मुंबईचं तलावांचं पाणी मऊ. जिवाणूंचं काम चालू असताना त्यातली आम्लाला थोपवणारी क्षारता संपत जाते, पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, सहाच्या खाली घसरतो, जिवाणू मंदावतात आणि अमोनिया आठवडेच्या आठवडे हलत नाही. अशा वेळी बाटलीतले जिवाणू ओतून उपयोग नाही. पाणी बदला, पीएच पुन्हा मोजा.

ही परीक्षानळी बघा, पाच मिलिलिटर पाणी. पाणी तपासायच्या बहुतेक किटमध्ये अमोनियाचा पिवळा रंग म्हणजे शून्य. जरा हिरवट झाक दिसली, तरी थांबायचं. अमोनिया आणि नायट्राइट सलग चार दिवस शून्य, आणि नायट्रेट दिसतंय, तेव्हाच टाकी तयार.

हीटर इथे क्वचितच लागतो. मे महिन्यात उलट पंखा लावावा लागतो.

निम्मं पाणी बदला. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवा, दिवा बंद करा आणि पहिले पाच-सहाच मासे सोडा. दोन दिवसांनी परीक्षानळी पुन्हा भरा.