प्रकल्पाचं नाव कुणाच्या नावावर?

श्रोतेहो, नमस्कार. जळगाव, धुळे, शिरपूरकडे मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुलामुलींसाठी आजचं हे बोलणं.

समजा, सात-आठ जणांनी मिळून अहिराणी शब्दांचं ॲप केलं आणि कोडला अपाची २.० हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना लावला. कोड कुणीही घ्यावा, बदलावा, विकावासुद्धा. पण त्याच परवान्याचं सहावं कलम म्हणतं की ट्रेडमार्क, म्हणजे कायद्याने राखलेलं नाव किंवा चिन्ह, वापरायची परवानगी यात धरू नका. म्हणजे कोड सगळ्यांचा, पण नाव ज्याच्याकडे असेल त्याचंच. शेत सगळ्या भावांनी कसलं आणि सातबाऱ्यावर एकट्याचंच नाव राहिलं, तर पुढे काय होतं हे खानदेशात कुणाला सांगायला नको.

हडसन नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरचं असंच झालं; प्रोग्रामरांचा कोड आपोआप जोडून तपासणारं ते साधन. सन कंपनीतल्या कोहसुके कावागुची यांनी ते सुरू केलं, मग बाहेरचेही अनेक जण त्यात राबले. २०१० मध्ये ओरॅकल या दुसऱ्या कंपनीने सन विकत घेतली. काम करणाऱ्यांनी प्रकल्प दुसरीकडे हलवायचं म्हटल्यावर ओरॅकलने नावावर हक्क सांगितला. कोड अडवता येत नव्हता, नाव मात्र अडलं. जानेवारी २०११ मध्ये मतदान होऊन मंडळी जेनकिन्स या नव्या नावाने बाहेर पडली. हडसन पुढे बंद पडलं.

नाव सांभाळायला फाउंडेशन, म्हणजे ना-नफा संस्था, काढली की प्रश्न मिटतो, असंही नाही. वर्डप्रेस या संकेतस्थळं बनवायच्या मुक्त सॉफ्टवेअरचा ट्रेडमार्क २०१० मध्ये फाउंडेशनकडे गेला, पण व्यापारी वापराचा हक्क ऑटोमॅटिक कंपनीकडेच राहिला. २०२४ मध्ये वर्डप्रेसची संकेतस्थळं चालवून देणाऱ्या डब्ल्यूपी इंजिन कंपनीबरोबरचा ऑटोमॅटिकचा वाद कोर्टात गेला. म्हणून मालकाइतकंच, वापराची परवानगी कोण देणार हेही संस्थेच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, लिहा.

आता आपल्याकडचं. ॲप लोकांपुढे आणण्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्री या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर वर्ग ९ आणि ४२ मध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर आणि सॉफ्टवेअर सेवांच्या गटांत, तेच नाव आधी कुणी घेतलंय का ते शोधा. 'अहिराणी शब्दकोश' असं नुसतं वर्णन करणारं नाव ठेवलंत तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली हरकत येते. नोंदणीच्या अर्जाचा नमुना टीएम-ए. ऑनलाइन फी दर वर्गाला व्यक्तीसाठी ४,५०० रुपये, नोंदणीकृत सोसायटीसाठी ९,०००. चूक होते ती इथेच: पैसे वाचवायला एका मित्राच्या नावाने अर्ज टाकतात, आणि तो नोकरीला लागला की सगळे त्याच्या सहीवर अडकतात. वर्गणी काढा, पण अर्ज संस्थेच्याच नावाने करा. सोसायटीला किमान ७ सभासद लागतात. अर्ज तपासून रजिस्ट्री जो परीक्षण अहवाल पाठवते, त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाव रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये छापून आल्यावर इतरांना हरकत घ्यायला ४ महिने असतात.

नोंदणी आधीच एकाच्या नावावर झाली असेल, तर हस्तांतरणाचा लेखी करार करून टीएम-पी अर्जाने तो रजिस्ट्रीत नोंदवून घ्या. डोमेन आणि प्ले स्टोअरचं खातंही त्याच वेळी संस्थेकडे घ्या, आणि पासवर्ड किमान दोघांकडे ठेवा.