माती आणि पाणी

नमस्कार श्रोतेहो.

व्हिएतनाम म्हटलं की आपल्याला आधी युद्ध आठवतं. हेलिकॉप्टरं, जंगल, अमेरिका. ते सगळं खरंच आहे, पण आज मी सुरुवात एका शब्दापासून करणार आहे. व्हिएतनामी भाषेत देशाला म्हणतात 'दत नुअक'. 'दत' म्हणजे माती आणि 'नुअक' म्हणजे पाणी. कित्येकदा तर माती गाळून नुसतं 'नुअक' म्हणतात, तरी त्याचा अर्थ देश असाच होतो. डोळ्यांतलं पाणी म्हणजे 'नुअक मात'. आणि ज्याच्याशिवाय तिथलं ताट पुरं होत नाही, ते माशाचं पाणी म्हणजे 'नुअक माम'. बारीक मासळी आणि मीठ पिंपात भरून महिनोन् महिने मुरवायचं आणि खाली गळणारा तांबूस अर्क धरायचा. वासाला उग्र, पण सुकटीच्या वासावर वाढलेल्या माणसाला त्याचं काही वाटू नये!

हा देश आकारानं महाराष्ट्राहून थोडासाच मोठा, पण किनारा तब्बल ३,२६० किलोमीटरचा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मध्ये एका ठिकाणी तर सारा देश जेमतेम ५० किलोमीटर रुंद. तिथे पूर्वापार देशाला कावडीची उपमा देतात. उत्तरेला तांबड्या नदीचं खोरं, दक्षिणेला मेकाँगचा त्रिभुज प्रदेश, या भाताच्या दोन टोपल्या. मधली डोंगररांग म्हणजे खांद्यावरची काठी.

हे पाणी त्यांनी लढाईतही वापरलं. जवळजवळ हजार वर्षं उत्तर व्हिएतनामवर चिनी सत्ता होती. इ.स. ९३८ मध्ये न्गो क्वेन या सेनापतीनं बाक दांग नदीच्या तळाशी लोखंडी टोकांचे लाकडी खुंट रोवले. भरती आली, खुंट पाण्याखाली गेले. छोट्या होड्यांनी शत्रूच्या आरमाराला हूल देऊन आत ओढलं. मग ओहोटी लागली आणि जड जहाजं त्या खुंटांवर अडकली. पुढे १२८८ मध्ये त्रान हुंग दाओनं त्याच नदीत हाच डाव मंगोलांवर उलटवला. आपल्याकडे मोबाईलवर एक गोष्ट फिरते, की व्हिएतनामनं गनिमी कावा शिवाजी महाराजांकडून घेतला. अभिमानानं पुढे ढकलली जाते ती. पण पहिला बाक दांग महाराजांच्या जन्माआधी सातशे वर्षं होऊन गेला होता. महाराजांची थोरवी अशा उसन्या गोष्टीवर उभी नाही, आणि त्या लोकांचं कर्तृत्व आपण आपल्या नावावर का लावून घ्यावं?

आता थोडं भाषेविषयी. हे छापून सांगता येत नाही, रेडिओवर जमेल. 'मा' हा एकच शब्द घ्या. सपाट सुरात म्हटला, तर भूत. सूर वर चढवला, तर आई. खाली उतरवला, तर 'पण'. आणि घशात दाबून तोडला, तर भाताचं रोप, आपल्या कोल्हापूर-कोकणाकडचा तरवा. असे सहा सूर आहेत. माझा सूर कुठे घसरला, तर आईचं भूत होईल, म्हणून इथेच थांबतो.

शिवाय 'मी' आणि 'तू' असं सरसकट म्हणता येत नाही. समोरचा थोरला असेल, तर तो 'दादा' आणि मी 'धाकटा'. भाजीवालीसुद्धा मावशी किंवा ताई. त्यामुळे पहिल्याच भेटीत वय विचारतात. त्याशिवाय वाक्याला सुरुवातच कशी करणार?

चांद्र वर्षाचा पहिला दिवस म्हणजे 'तेत'. त्याआधी घरोघरी 'बान्ह चुंग' करतात. चिकट तांदळात मुगाची डाळ आणि डुकराचं मांस भरून हिरव्या पानांत चौकोनी पुडा बांधतात, वरून बांबूच्या कामट्या. मोठ्या हंड्यात तो दहा-बारा तास उकळत राहतो आणि घरचे रात्रभर चुलीपाशी गप्पा मारत पाणी घालत बसतात. चौकोन म्हणजे पृथ्वी, असं सांगतात. लांग लिएउ नावाच्या गरीब राजपुत्रानं बापाला महागड्या पक्वान्नांऐवजी हाच भात दिला आणि राज्य मिळवलं, अशी त्याची कथा. मला मात्र त्या कामट्यांचं कौतुक वाटतं. पुडा सोडला की त्याच कामट्या आडव्या-उभ्या मांडायच्या, त्यांवर पुडा उपडा ठेवायचा आणि एकेक कामटी ओढायची. आठ सारखे तुकडे पडतात, सुरीला भात चिकटण्याचा प्रश्नच नाही.

आणि शेवटी बाहुल्या. तांबड्या नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी गावच्या तळ्यालाच रंगमंच केलं. ११२१ सालच्या एका शिलालेखात या खेळाचं वर्णन आहे. लाकडाच्या, रोगण चढवलेल्या बाहुल्या पाण्यावर नांगरतात, लावणी करतात, मासे पकडतात. मधूनच अग्निमुखी ड्रॅगन येतात. खेळाला सुरुवात करतो तेऊ, ढेरपोट्या, हसरा, चहाटळ गडी, आपला सोंगाड्याच म्हणा. काठ्या आणि दोऱ्या सगळ्या पाण्याखाली, त्यामुळे बाहुल्या हलवतं कोण हे कळतच नाही. ते कळतं खेळ संपल्यावर. मागचा बांबूचा पडदा हलतो आणि इतका वेळ कमरेइतक्या पाण्यात उभे असलेले कलावंत, भिजलेले, हसत, पाणी कापत पुढे येतात.